रिह्याचा हौद

घर पाहावे बांधून, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यांनी पोहण्याचा हौद बांधून पाहिला असता, तर म्हण निराळी झाली असती.

झाले असे, की आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखू लागले आणि डॉक्टरांनी छातीइतक्या पाण्यात रोज अर्धा तास चालायला सांगितले. निवृत्तीनंतर आम्ही मुळशी तालुक्यात रिह्याला राहतो. तलावासाठी रोज पुणे गाठायचे, तर उरलेले गुडघे वाटेतच संपायचे. "परसात हौद बांधू," मी म्हणालो. कंत्राटदाराने सात लाख सांगितले, तेव्हा माझ्यातला जुना हिशेबनीस उसळला. स्वतः उभे राहून अडीच लाखांत, ४५ दिवसांत काम पुरे करीन, असे वहीत लिहून मी खाली सही केली.

"सही कशाला?" हिने विचारले.

"जबाबदारी कोणाची ते कळावं म्हणून."

"ते मला सहीवाचूनही कळतं."

फेब्रुवारीत खोदाई सुरू झाली. हौद २० फूट लांब, १० फूट रुंद, ४ फूट खोल. अडीच फुटांपर्यंत माती-मुरूम निघाला आणि मग काळा कातळ लागला. एका दिवसाचे काम चार दिवस चालले. मग सळई, सिमेंट, गवंडी. काँक्रीट तीन आठवडे ओले ठेवायचे होते, आणि नेमकी आमची कूपनलिका आटली. शेजारच्या आबांनी न विचारता आपल्या विहिरीचा पाइप कुंपणावरून टाकला. पैसे काढले, तर म्हणाले, "पाण्याचे कसले पैसे घ्यायचे?"

मे महिन्यात फरश्या, पंप, गाळणी, मुलांसाठी भोवती जाळी, सगळे झाले. खर्च ३,९०,००० रुपये. राहिले फक्त पाणी; सुमारे २२,००० लिटर. एवढे आबांकडे कोणत्या तोंडाने मागायचे? मी वही उघडली. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचे छप्पर ९० चौरस मीटर. म्हणजे अडीचशे मिलिमीटर पावसात हौद फुकट भरणार!

"साहेब, पावसाआधीच भरून घ्या," आबा म्हणाले. "रिकामा हौद पावसात जागेवर राहत नाही."

"जाईल कुठं?" मी हसलो.

पाऊस आला. सांध्यांतला चिखल धुऊन मग भरू, म्हणून हौदात साचलेले पाणी मी रोज उपसून टाकत होतो. जुलैतल्या एका सकाळी हिने हाक मारली. हौदाचा एक कोपरा चार बोटे वर आला होता आणि पंपाचा पाइप मोडला होता. भोवतीची भरणी पाणी प्यायली होती. कातळातल्या खड्ड्यात पाणी कोंडले होते आणि आमचा हौद त्यावर होडीसारखा उचलला गेला होता. मग हिशेब केला. हौदाचे वजन १५ टन. खालचे पाणी जवळजवळ दुप्पट वजन उचलू शकत होते. हे गणित वहीत मेमध्येच मांडता आले असते.

मी नुसता उभा होतो. आबा पावसात भिजत आले आणि काही न बोलता त्यांनी विहिरीचा पंप हौदात सोडला. संध्याकाळपर्यंत हौद बसला, पण एक कोपरा तीन बोटे वरच राहिला. पुढे त्यांनीच दाखवलेल्या उताराने, खडीने भरलेला चर खणून हौदाखालच्या पाण्याला वाट दिली. पाइप बदलला, क्लोरीनचे प्रमाण जमवले. एकूण ४,२२,००० रुपये आणि आठ महिने.

कोजागिरीला ही पहिल्यांदा पाण्यात उतरली. फरशीची रेघ तिरपी आणि पाणी सरळ. कठडा धरून चार फेऱ्या झाल्या. पाचवीला तिने कठडा सोडला. मी वही मिटायला घेतली.

"त्यात आबांचं पाणी लिहिलंत?" पाण्यातून प्रश्न आला.

मी नवी ओळ घातली. नाव लिहिले. पुढचा रकाना अजून कोराच आहे.