तरतमभाव

आम्ही मुंबईत वाढलो. त्यामुळे 'बेस्ट' हा शब्द आम्हांस प्रथम भेटला तो तांबड्या बसगाडीच्या अंगावर. 1905 साली वीज पुरविणाऱ्या व ट्राम चालविणाऱ्या कंपनीने जे लांबलचक इंग्रजी नाव धारण केले, त्याच्या आद्याक्षरांतून तो जन्मला. आणि 1947 साली ती कंपनी महानगरपालिकेच्या ताब्यात गेली तरी नाव टिकले. पुढे शाळेत 'गुड, बेटर, बेस्ट' घोकावे लागले, तेव्हा व्याकरणात या बसगाडीचे काय काम, असा प्रश्न आम्हांस पडला होता.

त्याहून मोठे कोडे असे, की 'गुड'चा 'बेटर' आणि 'बेस्ट' यांच्याशी रक्ताचा संबंध दिसेना. पहिला भाऊ एका कुळातला, पुढचे दोघे दुसऱ्या. शिवाय 'बेस्ट' हा एकटा दोन घरी राबतो. विशेषण 'गुड' आणि क्रियाविशेषण 'वेल', दोहोंचाही तमभाव तोच. दोन वस्तूंची तुलना असेल तर 'बेटर'च म्हणावे, असा शाळेतला दंडक. पण इंग्रज पाऊल पुढे टाकतो ते 'बेस्ट' पाऊल. माणसाला पाय दोनच असतात, हे तो त्या वेळी सोयीस्करपणे विसरतो!

हा शब्द जसजसा वापरात पाहावा तसतसा त्याचा थाट संशयास्पद वाटू लागतो. इंग्रजी लग्नातला 'बेस्ट मॅन' हा नवरदेव नसून नवरदेवाचा पाठराखा असतो. 'ॲट बेस्ट' म्हटले की प्रशंसा न होता माणसाची मर्यादा आखली जाते. शेक्सपिअरने 1616 सालच्या मृत्युपत्रात पत्नीच्या नावे ठेवला तो 'सेकंड बेस्ट' पलंग. त्याचा अर्थ लावता लावता पंडित अजून थकलेले नाहीत. आणि क्रियापद म्हणून 'बेस्ट' म्हणजे एखाद्यावर मात करणे, तर त्याच्या नेमक्या उलट असलेल्या 'वर्स्ट'चाही क्रियापद म्हणून अर्थ मात करणे हाच! वर चढता चढता शब्द दुसऱ्या बाजूने खाली उतरतो तो असा.

आपल्याकडे तरी निराळे काय घडले? 'उत्तम' हा मुळातच तमभाव. 'उद्' म्हणजे वर. त्याचा तरभाव 'उत्तर', तमभाव 'उत्तम'. ज्या उत्तरेत आम्ही नोकरी करतो ती व्याकरणदृष्ट्या दुसऱ्या पायरीवर उभी आहे म्हणावयाची. परंतु 'उत्तम'ने आमचे भागेना, म्हणून 'सर्वोत्तम' आला, 'अत्युत्तम' आला. 'श्रेष्ठ' हाही तमभावच; त्याला 'श्रेष्ठतम' करून आम्ही शिखरावर शिडी लावली. 'कनिष्ठ' म्हणजे सर्वांत लहान. इंग्रजीतला 'ज्युनिअर' केवळ तुलनेने धाकटा आहे, मराठीत मात्र कारकून एकदम तळाशी जातो. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण रचणाऱ्याने तिन्ही शब्द तमभावाचे घेतले आणि त्यांतला शेवटचा आमच्या पदरात टाकला.

हे सारे आम्हांस आठवण्याचे कारण आमचा वार्षिक अहवाल. एके काळी हे अहवाल गोपनीय असत. केवळ प्रतिकूल शेराच कर्मचाऱ्यास कळविला जाई. 2008 साली देव दत्त यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की प्रत्येक शेरा कळविला पाहिजे. त्या प्रकरणात बढतीसाठी 'व्हेरी गुड' आवश्यक होते आणि अर्जदाराच्या अहवालात होते 'गुड'. म्हणजे चांगला म्हटले, आणि त्या चांगलेपणानेच वाट अडविली. 2016 साली सातव्या वेतन आयोगानंतर आश्वासित प्रगती योजनेसाठीही 'गुड'ची पायरी काढून 'व्हेरी गुड'ची बसविण्यात आली. दहापैकी चार ते सहाच्या आत गुण असले की 'गुड'. सहापासून पुढे 'व्हेरी गुड'.

आमच्या सेवेला दहा वर्षे होण्याच्या सुमारास, मोजल्या जाणाऱ्या एका वर्षी आम्हांस सहाहून किंचित कमी गुण मिळाले. शेरा अर्थात 'गुड'. त्या रविवारी वडिलांशी दूरध्वनीवर बोलताना आमच्या तोंडून ते निघून गेले. वडील जन्मभर प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मुलांच्या वह्यांवर तांबड्या शाईने 'ठीक' आणि 'बरे' ते सढळ हाताने लिहीत. 'चांगले' लिहिण्यापूर्वी मात्र पान पुन्हा एकदा वाचत. 'उत्तम' त्यांनी लिहिलेले आम्ही फार थोड्या वेळा पाहिले, आणि आमच्या वहीवर एकदाही नाही.

"साहेबांनी चांगला म्हटले?" त्यांनी विचारले. आम्ही होय म्हणालो. "मग आणखी काय हवे? आईला सांगतो," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. सरकारच्या व्याकरणात 'चांगला' हा शब्द आता चांगल्याच्या खाली गेला आहे, हे त्यांना समजावून देण्याचा धीर आम्हांस झाला नाही. खरे सांगावयाचे तर त्यांच्या आवाजातला आनंद ऐकून आमचीच घटकाभर समजूत पटली.

फेरविचाराच्या अर्जास पंधरा दिवसांची मुदत असते. चौदाव्या दिवशी रात्री आम्ही तो लिहावयास बसलो. सोपविलेले काम 'टु द बेस्ट ऑफ माय अ‍ॅबिलिटी' केले आहे, हे ठराविक वाक्य आम्ही इतरांच्या अर्जांत शेकडो वेळा टंकिले होते. त्या रात्री मात्र 'बेस्ट'पाशी हात थबकला. त्या वर्षीचे आमचे काम खरोखर तसे होते काय? बरेचसे चांगले होते, थोडे बरे होते. वडिलांनी ते पान पुन्हा एकदा वाचले असते, आणि 'चांगले' असेच लिहिले असते.

तरीही वाक्य आम्ही तसेच ठेवले. घरभाडे आणि मुलीची फी तमभाव मागतात. अर्जाचा निकाल अद्याप लागलेला नाही. वडिलांस अर्जाबद्दल आम्ही काहीच सांगितलेले नाही. तेवढा एक 'चांगला' तरी त्यांच्यापाशी पूर्वीच्याच अर्थाने राहावा, अशी आमची इच्छा आहे.