मोहात अडकलेला थीसिस

चंद्रपूर म्हटलं की आपल्याला आठवतो ताडोबा. १९५५ साली जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान! शुक्रवारी रात्री निघायचं, वाघ बघायचा, फोटो काढायचे आणि सोमवारी ऑफिस. पण याच जंगलात काही मंडळी विकेंडला नाही, वर्षानुवर्षं येतात. पीएचडी करणारी. आणि त्यांना चुकूनही विचारू नये असा एकच प्रश्न असतो : 'थीसिस कुठवर आला?'

त्यांना आळशी म्हणण्याआधी इथलं कॅलेंडर बघा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच सगळं गाव मोहफुलं वेचायला जंगलात. मे महिन्यात तेंदूपत्ता. पावसाळ्यात धानाची रोवणी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटायचा, असे कितीतरी पावसाळे गेलेत. दिवाळीनंतर धानाची कापणी, आणि मग झाडीपट्टीची नाटकं. रात्री पडदा उघडतो, प्रयोग संपेपर्यंत उजाडतं. आता सांगा, तुमची प्रश्नावली भरायला वेळ आहे कोणाला? तेंदूपत्त्यावरच थीसिस असेल तर हंगाम जेमतेम काही दिवसांचा. हुकला की थेट पुढचं वर्ष!

त्यात मुलाखत माडियात, टिपणं मराठीत आणि प्रबंध बऱ्याचदा इंग्रजीत. एका गोष्टीचा दोनदा अनुवाद. विद्यार्थी इथलाच असेल तर मोह वेचायला आणि रोवणीला त्यालाही घरच्यांसोबत जावंच लागतं. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं, त्याआधी विद्यापीठाच्या कामासाठी नागपूर गाठावं लागे. पण भामरागडच्या पोराला आजही गडचिरोली दीडशे किलोमीटरहून लांब आहे.

आणि घड्याळ तर चालूच असतं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएचडीला ६ वर्षं, फार तर आणखी २ वर्षं मुदतवाढ. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर २ वर्षं सवलत. ६ वर्षं म्हणजे तेंदूचे सहाच हंगाम!

पण सगळं खापर जंगलावर फोडून कसं चालेल? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली. नवजात बाळांच्या मृत्यूंचा त्यांचा अभ्यास १९९३ साली सुरू झाला. ३९ गावांत घरोघरी सेवा, तुलनेला ४७ गावं. १९९९ साली निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. हेच जंगल, हाच चिखल, तरी काम पूर्ण झालं. कारण प्रश्न एकच होता : बाळांचे मृत्यू कमी होतात का?

रखडणाऱ्याचं नेमकं उलटं होतं. इथे प्रत्येक वळणावर नवा विषय भेटतो. वनहक्कांवर काम करायला आलेला मेंढा-लेखाला जातो. देशात सर्वांत आधी, २००९ साली, सामूहिक वनहक्क मिळवलेल्या गावांपैकी हे एक. तिथून वडसा, तिथे झाडीपट्टी रंगभूमी, मग गोटूल... 'अजून एक गाव बघतो, मग लिहायलाच बसतो' हा खरा मोह! गावात गप्पा असतात, चहा असतो. खोलीवर फक्त रिकामा स्क्रीन. कोणाला लिहावंसं वाटेल?

पण ज्या बाईने सकाळची मोहफुलं सोडून तुमच्या प्रश्नांना उत्तरं दिली, तिचा त्या दिवसाचा रोजगार बुडालेला असतो. प्रबंध अर्धवट राहिला, तर तिचं बोलणंही कपाटातल्या फायलीत पडून राहतं. डिग्री काय, तुमची जाईल.

तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. ताडोबा करा, पण एक रात्र झाडीपट्टीच्या नाटकासाठी ठेवा. थीसिसवाल्या मित्रालाही बरोबर न्या, बिचाऱ्याला ब्रेक हवाच असतो. फक्त एक अट घाला : नवी वही आणायची नाही!