स्फटिकाला घाई नसते

प्रथिनाचा स्फटिक वाढायला ठेवला की पुढचं काही आपल्या हातात नसतं. काचेच्या चकतीवर द्रावणाचा एक थेंब घ्यायचा, चकती उलटी करून ट्रेच्या खाचेवर बसवायची, कडेला ग्रीस लावायचं आणि ट्रे थंड खोलीत नेऊन ठेवायचा. विरजण लावलेलं भांडं हलवू नये, तसाच हाही हलवायचा नसतो. चार दिवसांनी बघावं तर थेंब स्वच्छ. पंधरा दिवसांनी बघावं तर गढूळ. मग कधीतरी, आशा सोडल्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली मिठाच्या कणाहून बारीक असं काहीतरी कडा धरून उभं असतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत माझी नोकरीची सगळी वर्षं अशी वाट पाहण्यात गेली. वीज जायची, खोली तापायची, महिन्याभराच्या थेंबांचं मातेरं व्हायचं आणि आम्ही पुन्हा श्रीगणेशा करायचो.

इतक्या संथ कामाला जुंपलेल्या माणसांना मात्र कोणी ना कोणी सतत घड्याळ दाखवत असतं. वयाची अट इतकी. पीएच.डी. होऊन किती वर्षं झाली? गेल्या तीन वर्षांत पेपर किती? स्फटिकाला कोणी विचारत नाही, की बाबा, मधले दोन महिने काय करत होतास?

माझी भाची इंग्लंडमध्ये याच विषयात काम करते. तिचा मुलगा चार वर्षांचा असताना त्याला टाइप वन मधुमेह निघाला. आता तो सात वर्षांचा आहे. त्याच्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवलेला असतो आणि तो दर थोड्या मिनिटांनी रक्तातली साखर आईच्या फोनवर पाठवतो. तिकडच्या मापाने चार, म्हणजे आपल्या मापाने बहात्तरच्या खाली आकडा उतरला, की फोन ठणाणा करतो. मग रात्रीचे दोन असोत की चार, उठायचं, मुलाला अर्धवट जागं करायचं, जेली बेबी नावाच्या त्या गोळ्या चघळायला लावायच्या, आकडा वर चढेपर्यंत पलंगाच्या कडेला बसायचं. दिवसा शाळेतून फोन येतो तो वेगळाच. पाय मुरगळला, ताप आला, असं काही नसतं. पोर फक्त जास्त धावलेलं असतं. पण प्रयोग अर्धा टाकून निघावं लागतं, आणि अर्धा टाकलेला प्रयोग म्हणजे वाया गेलेला प्रयोग.

लंडनची रॉयल सोसायटी 1995 पासून स्फटिकशास्त्रज्ञ डॉरथी हॉजकिन यांच्या नावाने एक फेलोशिप देते. ज्यांना मुलांमुळे, घरातल्या कोणाच्या देखभालीमुळे किंवा स्वतःच्या प्रकृतीमुळे ठरावीक साच्यात काम करता येत नाही, अशा सुरुवातीच्या टप्प्यावरच्या शास्त्रज्ञांसाठी ती आहे. ती अर्धवेळ घेता येते, घरची परिस्थिती बदलली की पूर्णवेळ करता येते, पुन्हा अर्धवेळावर येता येतं, आणि त्या प्रमाणात मुदत लांबते. पाच वर्षांचं काम साठ टक्के वेळात करायचं म्हटलं, तर साधं त्रैराशिक आठ वर्षं चार महिने सांगतं. संशोधनात दया वगैरे नाही. प्रस्ताव कसाला उतरावाच लागतो. फक्त घड्याळाचा काटा तेवढा माणसाच्या चालीने फिरतो.

भाची अर्जाला बसली तेव्हा तिचं घोडं विज्ञानात अडलं नाही. अडलं ते लवचिक वेळेची गरज का आहे, हे लिहायला सांगणाऱ्या जागेत.

‘‘मावशी, सहानुभूतीच्या कोट्यातून घेतल्यासारखं वाटेल गं.’’

मला डॉरथीबाईंचा खटका आठवला. 1934 साली, चोवीस वर्षांच्या असताना, त्यांची बोटं दुखायला लागली. निदान झालं संधिवाताचं, सांधे वाकडे करून टाकणाऱ्या प्रकारातल्या. 1938च्या डिसेंबरात पहिला मुलगा झाला आणि त्यापाठोपाठ दुखण्याने अशी उचल खाल्ली की उपचारांसाठी त्यांना बक्स्टनला जाऊन राहावं लागलं. परत प्रयोगशाळेत आल्या, तर क्ष-किरण यंत्राचा मुख्य खटकाच त्या बोटांना दाबता येईना. तेव्हा त्या खटक्याला एक लांब दांडा बसवला. झालं. त्याच हातांनी त्यांनी 1945 साली पेनिसिलीनची रचना पक्की केली, पुढे बी-12 जीवनसत्त्वाची, आणि 1964 साली रसायनशास्त्राचं नोबेल घेतलं. हेन्री मूर या शिल्पकाराने पुढे त्यांच्या हातांची चित्रं काढली. गाठी आलेली, वळलेली बोटं. चेहरा सोडून हातच काढावेसे वाटले, यात मला त्या माणसाची पारख दिसते.

दांड्यामुळे कोणी म्हटलं नाही, की बाईंना खटका सवलतीत दाबू दिला. खटका मुळात धडधाकट हाताच्या मापाने घडवलेला होता, एवढंच. संशोधनातल्या नोकरीची घडणही तशीच आहे. तिशीचा, तब्येतीने ठणठणीत, घरी कोणीतरी जेवण झाकून ठेवलेला माणूस समोर धरून ती झाली. असल्या माणसाच्या मापाने बेतलेल्या कपड्यात बाकीच्यांनी मावायचं, आणि नाही मावलं तर आपलंच अंग चुकलं म्हणायचं!

डॉरथीबाईंना सगळं त्या एका दांड्याने साधलं असंही मी भाचीला सांगणार नव्हते. घरात मदतीला बाई होती, पुढे बहीण आपल्या मुलांसह त्याच घरात राहायला आली. नवरा बराच काळ दूरगावी नोकरीला असे, पण बायकोचं काम हे घरातलं पहिलं काम आहे हे त्याला मान्य होतं. तरीही नोबेल मिळालं तेव्हा एका वृत्तपत्राने ऑक्सफर्डच्या गृहिणीला नोबेल अशा थाटाचा मथळा छापला. तीन मुलं वाढवली म्हणून हा किताब!

मला त्यांच्या कामातलं सगळ्यात भावतं ते इन्शुलिन. 1934 साली रॉबर्ट रॉबिन्सन या रसायनशास्त्रज्ञाने त्यांना इन्शुलिनचे थोडे स्फटिक दिले, दहा मिलिग्रॅम. त्यांनी ते पुन्हा मोठे वाढवले आणि 1935 मध्ये त्यातून गेलेल्या क्ष-किरणांचे ठिपके फिल्मवर उमटवले. फिल्म धुऊन झाली तेव्हा रात्र झाली होती; आनंदाच्या भरात त्या एकट्याच ऑक्सफर्डच्या रस्त्यांवरून हिंडत राहिल्या. त्या ठिपक्यांवरून अणूंची जागा सांगायला मात्र 1969 साल उजाडलं. चौतीस वर्षं! मधे तीन बाळंतपणं, एक महायुद्ध, दोन मोठ्या रचना आणि कायमचं दुखणं. शेवटच्या टप्प्यावर त्यांच्या गटात बंगळुरूहून गेलेले एम. विजयन होते. ते 1971 मध्ये परतले आणि प्रथिनांचं स्फटिकशास्त्र आपल्याकडे रुजवलं. आमची पिढी हा विषय शिकली ती त्या वाटेने.

त्या रचनेत दिसलं असं: इन्शुलिनचे सहा रेणू जस्ताच्या अणूंभोवती एकमेकांना धरून बसतात. स्वादुपिंडात साठवायला हे सोयीचं. पण टोचल्यावर सहांची ती मिठी सुटून एकेक रेणू मोकळा होईपर्यंत औषध रक्तात उतरत नाही. कोणता भाग कोणाला धरून आहे हे कळल्यावर ती पकड सैल करता आली. इन्शुलिनच्या दोन साखळ्यांपैकी एकीच्या टोकाशी शेजारी बसलेल्या दोन अमिनो आम्लांची नुसती अदलाबदल केली आणि 1990च्या दशकात लवकर काम करणारं इन्शुलिन बाजारात आलं. आमचा नातू ताट समोर आल्यावर इन्शुलिन घेतो आणि लगेच जेवायला बसतो, ते या जातीच्या इन्शुलिनमुळे. आधीच्या पिढीतली मुलं टोचून घेऊन अर्धा तास भुकेली बसायची.

माझ्या वेळी आपल्याकडे यातलं काही नव्हतं. माझ्याबरोबरच्या दोघी मुलं शाळेत जाईपर्यंत घरी राहिल्या आणि परतायला निघाल्या तेव्हा जाहिरातीतल्या वयाच्या रकान्याने त्यांना दारातच अडवलं. एकीने शिकवण्या घेतल्या, दुसरीने पोळीभाजी केंद्र काढलं आणि ते उत्तम चालवलं. पण तिच्यासारखी स्फटिकांची पारख असलेली मुलगी मी पुन्हा पाहिली नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 2002-03 मध्ये खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी योजना आणली. 2011 मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर आली. चांगलंच झालं. पण या योजनांमधून आलेल्या मुली मी प्रयोगशाळेत पाहिल्या आहेत. तीन वर्षांचा प्रकल्प संपत आला की त्यांचे चेहरे पुन्हा परीक्षेला बसल्यासारखे होतात, कारण पुढे जागा नसते. आणि दुसरी गोष्ट जरा जास्त खुपते. योजना फक्त बायकांसाठी ठेवली, की म्हाताऱ्यांचं, पोरांचं, आजाऱ्यांचं करणं हे बायकांच्या नावावर सरकारी शिक्क्यानिशी चढतं. वडिलांचं डायलिसिस सांभाळणारा मुलगा, स्वतः केमोथेरपी घेऊन परतलेला तरुण, यांनी कुठे जायचं? डॉरथीबाईंच्या नावाची फेलोशिप बाई-पुरुष विचारत नाही, कारण विचारते. माझ्या लेखी ती तिची सगळ्यात शहाणी बाजू.

भाचीने पाठवलेला मजकूर मी वाचला. दोन परिच्छेद भरून दिलगिरी. दुर्दैवाने, नाइलाजाने, तरीही मी पूर्ण प्रयत्न करीन वगैरे.

‘‘अगं, हे रडगाणं काढून टाक. रात्री किती वेळा उठतेस, ते लिही.’’

‘‘ते कुठे मोजलंय मी!’’

‘‘तू नाही मोजलंस. तुझ्या फोनने मोजलंय.’’

फोनमध्ये खरंच सगळं होतं. कोणत्या रात्री किती वाजता आकडा उतरला, किती वेळाने चढला, शाळेच्या वेळात किती वेळा. तिने तीन महिन्यांचा तक्ता काढला आणि ती स्वतःच चाट पडली. मग परिच्छेद भराभर आटपले: एवढे तास जातात, म्हणून आठवड्याला तीन दिवस हवेत, जी कामं मधे सोडता येत नाहीत ती सलग दिवसांत लावीन, स्फटिकांच्या ट्रेंवर उरलेले दिवस लक्ष ठेवायला हाताखाली माणूस लागेल. हे शेवटचं वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं. शास्त्रज्ञ अर्धवेळ असला तरी थेंब चोवीस तासच वाळत असतो, आणि तिथे कोणी नसेल तर लवचिकपणा कागदावरच राहतो.

अर्ज गेला. निकालाला अवकाश आहे, तोवर जुनीच नोकरी. परवा रात्री डिडकॉटजवळच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर तिला यंत्राची पाळी मिळाली होती. साडेपाचशे मीटरहून जास्त घेराच्या त्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरतात आणि डॉरथीबाईंना तासन्‌तास लागायचे ते ठिपके तिथे मिनिटाभरात उमटतात. तिकडे जायचीही गरज नाही. स्फटिक द्रवरूप नायट्रोजनमध्ये आधी पाठवून द्यायचे आणि यंत्रमानव ते एकेक करून किरणासमोर धरतो. भाची स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती, शेजारी मुलाच्या साखरेचा फोन. सकाळी मला संदेश आला: साखर रात्रभर सहाच्या आसपास, एकदाही उठावं लागलं नाही; स्फटिक सगळे टाकाऊ निघाले, ग्लिसरॉल कमी पडून बर्फ धरला बहुतेक, पुढच्या खेपेला वाढवून बघते.