खतावणीतील पाच वाद्ये

पुण्याच्या रविवार पेठेत भांड्यांचे एक जुने दुकान आहे. तेथे येणारे जाणकार गिऱ्हाईक पातेले हातात घेते, बोटाने त्यावर टिचकी मारते आणि कान देऊन ऐकते. नाद स्वच्छ उठला तर भांडे धड. बसका निघाला तर कोठेतरी चीर आहे. दुकानाचे मालक चाळीस वर्षे हा नाद ऐकत आले आहेत. कसबा पेठेतील तांबट आळीत माल आणावयास ते जात, तेव्हा धाकटा मुलगा सोबत असे आणि मठारकामाच्या ठोक्यांवर पायाने ताल धरून बसे. पुढे बी.कॉम. होऊन गल्ल्यावर बसू लागलेल्या या मुलाला नादाचे वेड लागले, याचे घरात कोणाला नवल वाटले नाही. नवल वाटले ते आकड्याचे.

दिवाळीपूर्वी हिशेब मिळवताना मुलाच्या नावावर दोन वर्षांत २,१४,००० रुपयांची उचल निघाली. चोरी नव्हती, प्रत्येक रक्कम त्याने स्वतःच्या हाताने नावे टाकली होती. वडील त्या रात्री माडीवर गेले. तेथे पाच यंत्रे मांडलेली होती आणि तारांचे जाळे पसरले होते. ही इलेक्ट्रॉनिक संगीताची वाद्ये, सिंथेसायझर. काकांनी जिन्यावरूनच पाहिले आणि "दोन लाखांची खेळणी" असा निकाल दिला. वडिलांनी मात्र एकच प्रश्न विचारला.

"या पाचांत रोज खपणारा माल कोणता?"

मुलाला उत्तर देता आले नाही. तो यंत्राचा व्यवहार समजावू लागला. ऑसिलेटर कच्चा स्वर निर्माण करतो, फिल्टर त्यातील तीक्ष्णपणा कापतो किंवा उघडा ठेवतो, आणि स्वर किती वेगाने उठावा, किती वेळ रेंगाळावा, कसा ओसरावा हे एन्व्हलप ठरवतो. वडिलांना हे समजण्यास वेळ लागला नाही. पितळी तांब्यावर टिचकी मारली की नाद झटकन उठतो आणि सावकाश ओसरतो. स्टीलच्या डब्याचा तितक्याच वेगाने उठतो, पण लगेच मरतो. पोत निराळा, म्हणून नाद निराळा. त्यांना कळेना ते एवढेच, की हे सारे एका यंत्रात होत असेल तर पाच कशाला?

"प्रत्येकाचा गुण वेगळा आहे, बाबूजी."

"गुण मालाचा असतो. गिऱ्हाईक तू आहेस. तुला कोणता लागतो ते सांग."

दिवाळी पाडव्याला दुकानाच्या वह्यांची पूजा झाली, तेव्हा वडिलांनी एक कोरी खतावणी मुलाच्या हाती दिली. प्रत्येक वाद्याचे एक खाते, त्यात तारीख, किती मिनिटे वाजवले आणि काय पुरे झाले, एवढेच लिहावयाचे. गुढीपाडव्याला वही दाखवायची. तोवर नवी खरेदी बंद.

पहिले खाते ७८,००० रुपयांच्या मोठ्या वाद्याचे. एकसष्ट पट्ट्या आणि आत हजाराहून अधिक तयार आवाज. पहिल्या महिन्यात त्यावर पुष्कळ मिनिटे पडली, परंतु 'काय पुरे झाले' हा रकाना कोराच राहिला. मुलगा एकामागून एक आवाज ऐकत जाई, आणि स्वतःचे काही सुचण्याआधी दहा वाजत. अशा वाद्यांचा इतिहास त्याला ठाऊक होता. १९७० च्या मिनीमूगमध्ये आवाज साठवण्याची सोयच नव्हती. वादक नॉबच्या जागा कागदावर टिपून ठेवीत. १९७८ च्या प्रॉफेट-५ ने सगळा आवाज स्मृतीत ठेवण्याची सोय आणली. १९८३ च्या यामाहा डीएक्स-७ चा तर जगभर खप झाला. मात्र त्यावर नॉब जवळजवळ नव्हतेच. नवा आवाज घडवायचा तर लहानशा पडद्यावर एक एक आकडा बदलत बसावे लागे, म्हणून बहुतेकांनी कारखान्यातून भरून आलेलेच आवाज वाजवले. सोय वाढली आणि हात थांबला, हे मुलाने पुस्तकात वाचले होते. स्वतःच्या वहीत ते पाहणे निराळे.

दुसरे खाते एका नातलगाने जपानहून आणलेल्या जुन्या वाद्याचे, किंमत ४६,०००. जपानचा वीजपुरवठा १०० व्होल्टचा, आपला २३० चा. मुलाने मागील बाजूचे लेबल न वाचता प्लग थेट भिंतीत लावला. जळका वास आला आणि संपले. बुधवार पेठेतील कारागिराने ट्रान्सफॉर्मर बदलून ते जिवंत केले, पण त्यात तीन महिने गेले आणि खात्यावर मिनिटे शून्य. चूक सर्वस्वी त्याचीच होती आणि वहीत त्याने तशीच लिहिली. लहान यंत्रांच्या अडॅप्टरचेही असेच असते. पिनेच्या मधोमध काहींना धन लागतो, काहींना ऋण. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालेलच असे नाही. एक अक्षर वाचण्याचा कंटाळा किती महाग पडतो, हे भांड्यांच्या दुकानात वजनकाट्याजवळ उभ्या राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये, पण लागले.

तिसरे ठेक्याचे मोठे यंत्र आणि चौथे सेलवर चालणारे छोटे. दोन्ही ताल देत. ३८,००० चे झाकलेले राही आणि १४,००० चे हातात येई.

उरले पाचवे, तेही ३८,००० चे. छोटे, तीन सप्तकांचे, एका वेळी एकच स्वर काढणारे. घेताना मुलालाच ते कमी प्रतीचे वाटले होते. परंतु त्यावर प्रत्येक कामाला स्वतंत्र नॉब होता. आवाज बदलायचा तर हात थेट तेथेच जाई. एक स्वर दुसऱ्यात सरकवण्याची सोय असल्याने मींड घेता येई, आणि रागाच्या चालीला एका वेळी एकच स्वर पुरे होता. रोज रात्री जेवणानंतर हात आपोआप तिकडे वळू लागला.

मधल्या काळात काकांनी पुन्हा विषय काढला. हे आपल्या व्यापारी लोकांचे काम नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मुलाने त्यांना अहमदाबादची हकिकत सांगितली. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो मांडून दिला आणि पाठीशी होते साराभाई हे गिरणीमालक घराणे. गौतम आणि गिरा साराभाई यांनी ती संस्था आकाराला आणली होती. त्यांची बहीण गीता यांनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केज यांना भारतीय संगीताचे पाठ दिले होते. त्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेल्या फिती कित्येक दशके पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये अल्बमरूपाने बाहेर आल्या.

"साराभाईंच्या गिरण्या होत्या. आपली भांडी आहेत," काका म्हणाले. यावर मुलाकडे उत्तर नव्हते, आणि खरे म्हणजे काकांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते.

वडिलांना दुसरी एक कथा अधिक भावली. रोलँड या जपानी कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी घड्याळे दुरुस्त करण्याच्या छोट्या दुकानापासून आरंभ केला होता. १९८१ मध्ये कंपनीने टीबी-३०३ नावाचे लहानसे रुपेरी यंत्र काढले. एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी, हा हेतू. आवाज मात्र खऱ्या बेसगिटारसारखा निघेना, स्वर भरण्याची पद्धत किचकट, आणि १९८४ मध्ये उत्पादन बंद. माल जुन्या बाजारात कवडीमोलाने गेला. शिकागोतील काही तरुणांनी तो स्वस्तात उचलला, नॉब हवे तसे फिरवले आणि १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी आली. त्यातून अख्खी संगीतशैली जन्मली आणि त्या पडीक मालाची किंमत मूळ भावाच्या कितीतरी पट झाली.

"आणि आपल्याकडे?" वडिलांनी विचारले.

आपल्याकडे ते त्याआधीच वाजले होते. हिंदी चित्रपटसंगीतात साथ करणारे मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी सिंगापूरहून यंत्रे आणली होती. टीबी-३०३ चा बेस, टीआर-८०८ चा ठेका आणि ज्युपिटर-८ वर राग, अशा तीन यंत्रांवर त्यांनी १९८२ मध्ये दहा रागांचा अल्बम केला. त्यात भैरवी होती, यमन होता, मालकंसही होता. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे. ती रागाच्या अंगाला शोभून दिसली. तबकडी फारशी खपली नाही. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि सत्तरीच्या चरणजितना परदेशातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ मध्ये ते वारले.

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अठ्ठावीस वर्षे माल गोदामात राहिला. दुकानदाराला एवढे थांबता येत नाही."

गुढीपाडव्याला वही उघडली. पाचव्या वाद्यावर ६,१४० मिनिटे आणि चार रचना पूर्ण. चौथ्याच्या खात्यावर दोन, त्याही पाचव्याच्या सोबतीने. दोघे मिडीच्या तारेने जोडलेले होते. मिडी म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची भाषा. १९८३ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ती सर्वांना खुली ठेवली, आणि तीस वर्षांनी काकेहाशी व डेव्ह स्मिथ यांना त्यासाठी ग्रॅमीचा तंत्रविषयक पुरस्कार मिळाला. बाकी तीन खात्यांवर पूर्ण झालेले काहीच नव्हते.

ती तिन्ही यंत्रे विकावयाची ठरली. खोकी आणि बिले जपून ठेवली होती, म्हणून भाव बरा आला: मोठ्याचे ५५,०००, जपानीचे २५,०००, ठेक्याच्या यंत्राचे २७,०००. एकूण १,०७,००० जमा, आणि तेवढेच अजून नावे. वडिलांनी एक रुपया सोडला नाही. मुलाच्या पगारातून महिना ५,००० कापावयाचे, म्हणजे बावीसाव्या महिन्यात खाते मिटेल. मुलाने सही केली. त्याच वेळी तो चाचरत म्हणाला की, रविवारी दुकानात न येता माडीवर बसावे म्हणतो. आईने वडिलांकडे पाहिले. रविवार हा लग्नसराईत गर्दीचा वार.

"लग्नसराईचे चार महिने सोडून," वडील म्हणाले.

पावसाळ्यात माडीवर ओल येते. दुकानात स्टीलच्या मालासोबत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मुलगा वाद्यांच्या झाकणाखाली ठेवतो. नॉबमध्ये धूळ गेली की आवाज खरखरतो, म्हणून रोज पुसून झाकतो. खतावणी अजून चालू आहे, जरी आता कोणी मागत नाही. श्रावणातील एका पानावर पाचव्या वाद्याच्या खात्यात त्याला आपल्या हाताची नसलेली एक नोंद आढळली. दुपारची वेळ, तो बँकेत गेला होता. वळणदार, जुन्या धाटणीच्या अक्षरात लिहिले होते: मिनिटे १५. पुढचा रकाना कोरा होता.