सांता गर्ट्रुडिसचं सुतक

पैसेवाल्याच्या घरी मरण आलं की दारात जमलेली माणसं हळहळतात आणि त्याच दमात हिशेबही मांडतात. गेलेल्याचं वय विचारून होतं न होतं तोच कुजबुज सुरू होते. जमीन किती, वारस कोण, आता कारभार कोणाच्या हाती जाणार? अशा घरातल्या आईला मनासारखं रडताही येत नसावं. तिच्या हुंदक्यावरही कोणाची तरी नजर असते.

दक्षिण टेक्सासमधल्या किंग घराण्यात 1883 साली असं एक मरण आलं. रॉबर्ट ली किंग, वय वर्षं 19, पाच भावंडांत सगळ्यात धाकटा. केंटकीतल्या कॉलेजातून तो सेंट लुईसला व्यापाराचं शिक्षण घ्यायला गेला होता. तिथे त्याला न्यूमोनिया झाला आणि त्यातच तो गेला. पेनिसिलीन लोकांच्या हाती यायला अजून साठेक वर्षं होती. ज्या बापाच्या जमिनीवरून दिवसभर घोडा पळवला तरी कुंपण लागत नसे, त्या बापालाही मुलाच्या छातीतला कफ हटवता आला नाही.

बाप म्हणजे कॅप्टन रिचर्ड किंग. न्यूयॉर्कमध्ये गरीब आयरिश आईबापांच्या पोटी 1824 साली जन्मलेला. लहानपणी सोनाराकडे कामाला लावलं होतं, तिथून पळाला आणि जहाजात लपून दक्षिणेला आला. नदीवरच्या बोटी चालवत रिओ ग्रांदेच्या काठी पोहोचला. पुढे नुएसेस आणि रिओ ग्रांदे या दोन नद्यांमधलं ओसाड, वाळकं, काटेरी मेस्किटच्या झुडपांनी भरलेलं माळरान त्याने पाहिलं. त्यात सांता गर्ट्रुडिस नावाचा एक झरा वाहत होता. 1853 मध्ये त्या झऱ्याकाठची साडेपंधरा हजार एकर जमीन त्याने एका मेक्सिकन घराण्याच्या वारसांकडून 300 डॉलरला घेतली. एकराला जेमतेम दोन सेंट पडले. पुढच्याच वर्षी शेजारची 53 हजार एकर 1800 डॉलरला. कागद पक्के होते, सह्या झाल्या होत्या. पण मेक्सिको नुकताच अमेरिकेशी युद्ध हरला होता, सरकार बदललं होतं, कोर्टाची भाषासुद्धा बदलली होती. अशा वेळी विकणाऱ्याचा हात किती मोकळा असतो, हे आपल्याकडे धरणाखाली किंवा सावकाराकडे जमीन गेलेल्यांना सांगावं लागत नाही.

त्याच सुमारास सीमेपलीकडच्या क्रुईयास नावाच्या गावात दुष्काळ पडला. किंगने गावातली सगळी गुरं विकत घेतली आणि परत निघाला. वाटेत त्याच्या मनात आलं की यांची गुरं तर आपण नेली, आता हे लोक जगणार कशावर? तो मागे फिरला आणि सगळ्या गावालाच चला म्हणाला. बायकामुलं, म्हातारीकोतारी, भांडीकुंडी घेऊन गाव उठलं आणि त्याच्या रानात येऊन वसलं. ते किनेन्योस झाले, म्हणजे किंगची माणसं. गुरं वळणं, घोडे माणसाळवणं, रानात पाण्याचा माग काढणं हे सगळं त्यांनाच येत होतं, किंगला नाही. त्याने त्यांना घर, काम आणि संरक्षण दिलं. जमीन दिली नाही.

त्यांच्यातलाच एक फ्रान्सिस्को अल्वाराडो. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. किंग दक्षिणेच्या बाजूने होता आणि मेक्सिकोमार्गे कापूस बाहेर पाठवून भरपूर कमवत होता. डिसेंबर 1863 मध्ये उत्तरेचं सैन्य रँचवर चालून येतंय अशी खबर लागली. किंग रात्रीच निसटला. बायको हेन्रिएट्टा गरोदर होती. तिला आणि मुलांना त्याने अल्वाराडोच्या भरवशावर घरी ठेवलं. पहाटे गोळीबार सुरू झाला. अल्वाराडो ओसरीवर धावला, घरात बायकामुलं आहेत, गोळ्या घालू नका म्हणून ओरडला आणि तिथेच गोळी लागून पडला. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी 1864 मध्ये हेन्रिएट्टाला मुलगा झाला. नाव ठेवलं रॉबर्ट ली, दक्षिणेच्या सेनापतीवरून. जो जीव आईच्या पोटात असताना अल्वाराडो दारात मेला, त्याचं नाव गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या सैन्याच्या सेनापतीचं.

हे मला विसरता येत नाही. लीच्या मरणाचं जे दुःख पुढे त्या घरावर कोसळलं, त्याच्या पायाशी हे आधीचं मरण आहे. त्या ओसरीवर कोणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष गेला होता. त्याच्या माणसांनी किती दिवस सुतक पाळलं, त्यांच्याकडे कोण भेटायला आलं, हे इतिहासाच्या पुस्तकांत मिळत नाही. लीचं मात्र सगळं मिळतं.

आणि लीचं दुःख खोटं नव्हतं. आई त्या धक्क्यातून बराच काळ सावरली नाही. कॅप्टन सेंट लुईसहून एकटाच टेक्सासला परतला आणि तिथून त्याने बायकोला पत्रं लिहिली. त्यातल्या एका पत्रात हा अडदांड, तापट, व्हिस्कीच्या पेल्याशिवाय दिवस न ढकलणारा माणूस एकदम लहान होऊन बसलेला दिसतो. या सगळ्या व्यापाचा आपल्याला वीट आलाय, जे जे हाती घेतलं ते चुकतच गेलं, अशा अर्थाचं तो लिहितो. ज्या माणसाने तीस वर्षं फक्त घेतलं होतं, त्याने आता विकायचं ठरवलं. ब्रिटिश भांडवलदारांचे लोक रँच बघायला आले. सांगतात ते असं की किंगने त्यांच्यापुढे बारा हजार गुरं गोळा करून उभी केली. पाहुणे म्हणाले, बरीच आहेत. किंग म्हणाला, हा एक कळप झाला, असे आणखी चार-पाच माझी माणसं आणून दाखवतील. पाहुणे हबकले आणि परत गेले.

या गोष्टीत लोकांना बडेजाव दिसतो. मला त्यात दुसरंच दिसतं. मुलगा गेल्यावर त्या माणसाला खरोखर मोकळं व्हायचं होतं, पण त्याने जमवलेलं इतकं प्रचंड झालं होतं की ते कोणाला विकताही येईना. दुःखाने एक दार उघडलं होतं. त्या दारातून तो बाहेर पडला असता, तर दक्षिण टेक्सासचा पुढचा इतिहास कदाचित थोडा निराळा झाला असता.

त्याच 1883 साली कोर्टात एक जुनं प्रकरण मिटलं. झऱ्याकाठच्या त्या पहिल्या साडेपंधरा हजार एकरांत आपल्या नवऱ्याचा अर्धा हिस्सा होता, असं हेलन चॅपमन या विधवेचं म्हणणं होतं. नवरा 1859 मध्ये वारला होता आणि बाईंनी 1879 मध्ये दावा लावला होता. पाच हजार आठशे डॉलरच्या आसपास रक्कम देऊन तडजोड झाली आणि सगळी जमीन किंगच्या नावावर राहिली. एका घरात मुलगा गेला म्हणून रडारड आणि त्याच घराविरुद्धच्या एका विधवेच्या दाव्याचा निकाल, दोन्ही एकाच वर्षात. लीच्या मरणाने बापाचं काळीज फाटलं हे मी मानतो. पण त्या फाटलेल्या काळजातून हेलनबाईंच्या बाजूला काहीच ओघळलं नाही, हेही मला मांडलंच पाहिजे. तिच्या वकिलांच्या पेढीत रॉबर्ट क्लेबर्ग नावाचा एक तरुण होता. तो आतून किंगला सामील होता, असा आरोप पुढे तिच्या वारसांनी केला.

कॅप्टन लीमागे दोनच वर्षं जगला. पोटाचा कॅन्सर झाला होता. एप्रिल 1885 मध्ये सॅन अँटोनिओच्या मेंगर हॉटेलात तो गेला. विकायची भाषा तोवर मावळली होती. सांता गर्ट्रुडिसची एक फूटही जमीन हातची जाऊ देऊ नका, हा त्याचा शेवटचा निरोप होता. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरचं कोणीतरी पुढे होऊन गेलेल्याला वचन देतं, तुझं राहिलेलं आम्ही करू म्हणतं. मागे राहिलेल्यांवर असा शब्द फार जड पडतो. किंग घराण्यात तो शब्द चाळीस वर्षं पाळला गेला.

मृत्युपत्राने सगळं हेन्रिएट्टाला दिलं. सुमारे सहा लाख एकर आणि पाच लाख डॉलरचं कर्ज. ती प्रेस्बिटेरियन धर्मप्रचारकाची मुलगी, शिस्तीची, मोजकं बोलणारी. नवरा गेला त्या दिवसापासून तिने काळे कपडे घातले ते मरेपर्यंत उतरवले नाहीत. 1886 मध्ये धाकटी मुलगी ॲलिस हिचं लग्न त्याच रॉबर्ट क्लेबर्गशी झालं आणि तो रँचचा कारभारी झाला. नवराबायको मधुचंद्राला निघाले तेव्हा काळ्या कपड्यातली आई त्यांच्याबरोबर होती. या गोष्टीवर लोक हसतात. मला त्यात मुलगा आणि नवरा दोन वर्षांत गमावलेली बाई दिसते, जिला त्या मोठ्या घरात एकटीने रात्र काढणं जमत नव्हतं.

पण तिच्या काळ्या कपड्यांआड जमीन वाढत राहिली. क्लेबर्गने कर्ज फेडलं, खोल विहिरी खणून पाणी काढलं, रेल्वे आणवली, किंग्जव्हिल शहर वसवलं. हेन्रिएट्टाच्या हयातीत रँच अकरा लाख एकरांच्या पुढे गेली. अख्खा गोवा त्यात बसेल आणि वर जागा उरेल. त्या उष्ण, कोरड्या हवेत विलायती गुरं टिकेनात, म्हणून त्यांचा संकर ब्राह्मन जातीशी केला गेला. ही अमेरिकन ब्राह्मन जात हिंदुस्थानी गुरांपासून घडली. गीर, कांकरेज आणि ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठच्या गुरांचंही रक्त तिच्यात आहे. त्यातून सांता गर्ट्रुडिस ही नवी जात झाली. त्या जातीचा मूळपुरुष मंकी नावाचा बैल, जन्म 1920. त्याची वंशावळ नीट लिहून ठेवलेली आहे.

माणसांची तेवढी नीट लिहून ठेवली असती तर! ऑगस्ट 1915 मध्ये रँचच्या नोरियास विभागावर सीमेकडून आलेल्या सशस्त्र टोळीने हल्ला केला. जमिनी गेल्याचा, रोजच्या अपमानाचा साठलेला राग त्यामागे होता. हल्लेखोरांनी मॅन्युएला फ्लोरेस नावाच्या एका निरपराध मेक्सिकन बाईला घरात घुसून गोळी घातली, हेही लपवायचं कारण नाही. त्यानंतर रिओ ग्रांदेच्या सगळ्या खोऱ्यात टेक्सास रेंजर्स या राज्याच्या पोलिसांनी आणि त्यांच्या साथीदारांनी मेक्सिकन माणसांना शेकड्यांनी मारलं, अनेकांना कसलीही चौकशी न करता. मेक्सिकन लोक रेंजर्सना किंग रँचचेच पोलीस म्हणत. नोरियासच्या हल्ल्यानंतरचा एक फोटो प्रसिद्ध आहे. घोड्यांवर बंदूकधारी बसलेत, त्यात रेंजर्सचा एक कॅप्टन आहे. त्यांच्या दोरांची टोकं खाली जमिनीवर पडलेल्या प्रेतांना बांधलेली आहेत. हे फोटो पोस्टकार्डं म्हणून विकले गेले. त्या प्रेतांच्या आयांनी ती कार्डं पाहिली असतील का, हा प्रश्न मनातून जात नाही. हेन्रिएट्टा तेव्हा जिवंत होती. मुलगा गमावणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं त्या मुलखात कोणाला ठाऊक होतं? 1919 मध्ये होसे कानालेस या आमदाराने रेंजर्सच्या अत्याचारांची विधिमंडळात चौकशी लावली, तेव्हा त्यालाच धमक्या आल्या.

31 मार्च 1925 ला हेन्रिएट्टा गेली, वयाच्या 92व्या वर्षी. रँचच्या कानाकोपऱ्यातून किनेन्योस घोड्यावर बसून आले. दोनशेच्या घरात होते. शवपेटी खाली उतरली तेव्हा त्यांनी टोप्या हातात धरल्या आणि उघड्या कबरीभोवती घोडे दौडवत एक फेरी घातली. प्रत्येक घोड्याच्या अंगावर किंगचा डाग होता, वळणदार डब्ल्यू. त्यांचं प्रेम खरं होतं, यात मला शंका नाही. तीन पिढ्या ते त्या घराच्या लग्नांना, बाळंतपणांना, मरणांना उभे राहिले होते. पण दहा वर्षांपूर्वी त्याच रानात घोडेस्वार, दोर आणि त्यांच्याच भाषेचे मेलेले लोक होते. त्या फेरीतल्या कितींच्या मनात तेही चाललं असेल.

मग पुढे नेहमीचंच झालं. काळे कपडे घालणारी बाई गेल्यावर घरातली भाऊबंदकी उघड्यावर आली. थोरल्या मुलीच्या, अ‍ॅटवुड घराण्याच्या वारसांनी क्लेबर्ग मंडळींवर दावे लावले आणि ते वर्षानुवर्षं चालले. रँचची कंपनी झाली. किनेन्योसच्या घरांतूनही माणसं पुढे आली. तिथल्या एका फोरमनचा मुलगा, रँचवरच जन्मलेला लॉरो कावाझोस, 1988 मध्ये अमेरिकेचा शिक्षणमंत्री झाला. त्याच्या बापाने 1915 मध्ये नोरियासला मालकाच्या बाजूने बंदूक चालवली होती.

हेलन चॅपमनच्या वारसांनी शंभराहून जास्त वर्षांनी तो जुना दावा परत उघडला. 2003 मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 1883 ची तडजोड मोडायला नकार दिला. किंग रँच आज सव्वाआठ लाख एकर आहे, आणि झऱ्याकाठची ती पहिली साडेपंधरा हजार एकरही तिच्याचकडे राहिली.