मॉनिटर

परवा पहिल्या पाळीला मला सात मिनिटं उशीर झाला. आमच्या सूतगिरणीत पाच मिनिटांच्या वर गेलं की अर्धा खाडा. माझ्यामागं पाटलाचा पोरगा धापा टाकत आला, त्याचाही अर्धाच मांडला. मला राग आला नाही. पण दिवसभर रिंगफ्रेमवर तुटलेले धागे सांधताना शाळा डोक्यातून जाईना.

साल २०११. मी आठवीत, वर्गाचा मॉनिटर. घंटा झाली की फाटकात उभं राहून उशिरा येणाऱ्यांची नावं लिहायची. भिंतीवर रंगवलेलं होतं, उशिरा येणाऱ्यास शिक्षा होईल. कसली शिक्षा, ते रंगवलेलं नव्हतं. ते सरांच्या तोंडात होतं. गावातला पोरगा असला तर दहा मिनिटं अंगठे धर. आमच्या वस्तीतला असला तर घे खराटा, मुतारी धुऊन काढ. जात कुणी उच्चारत नव्हतं. गरजच पडत नव्हती.

शेजारचा माझा दोस्त आठवड्यातनं दोनतीनदा उशिरा यायचा. आई पहाटेच भांगलणीला जायची. पाणी भरून, धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडून हा पळत यायचा. मी त्याचं नाव लिहायचो. प्रामाणिक मॉनिटर ना मी! खरं सांगू? नाव लिहिणाऱ्याच्या हातात खराटा येत नाही, हे मला पक्कं कळलं होतं.

एक दिवस त्यानं खराटा घेतलाच नाही. म्हणाला, "सर, अंगठे धरतो. तासभर धरतो. मुतारी न्हाई धुणार."

सात दिवस वर्गाबाहेर. हेडसरांनी मला बोलावून विचारलं, "हा उलट बोलला का?" मी म्हणालो, "हो सर." काय बोलला ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आठव्या दिवशी तो आलाच नाही. वीटभट्टीवर गेला.

बैठकीत हे सांगितलं तेव्हा आपली पोरं म्हणाली, त्याची काहीच चूक नव्हती. मित्रांनो, मला हे पटत नाही. तो उशिरा येत होता. घरची अडचण कुणी विचारली नाही हे खरं, पण माफी त्यानं मागितलीच नव्हती. तो शिक्षाच मागत होता, गावातल्या पोरांना मिळते ती. आपला म्हणून त्याला सोडा असं म्हटलं, की त्याचं मागणंच आपण पुसून टाकतो.

आणि नियमाचंच बोलायचं तर १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला होता. त्याचं कलम १७ म्हणतं, पोराला मारायचं नाही, त्याचा मानसिक छळ करायचा नाही. ते कुठल्या भिंतीवर रंगवलेलं मी पाहिलं नाही.

७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. तिथं त्यांना नळाला हात लावता येत नव्हता, शिपायानं सोडला तरच पाणी. तोही नियमच. तहानेनं त्यांनी कधी नळ सोडला असता तर नाव लिहून घ्यायला कुणीतरी उभा असताच. माझ्यासारखा.

गेल्या महिन्यात दोस्त एस.टी. स्टँडवर भेटला. पोरीला पहिलीत घातलीय म्हणाला. मग हसून, "काय मॉनिटर, बरा हायस न्हवं?"

मी बरा हाय म्हणालो. हेडसरांपुढं काय बोललो होतो ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची गाडी लागली.