प्रिंटर आणि आमची बदगुमानी

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मुलांच्या शाळेसाठी आम्ही वायरलेस प्रिंटर घेतला. शाळा उघडल्या आणि प्रिंटर सगळ्या मोहल्ल्याचा झाला. कुणाचा सातबारा, कुणाचा स्कॉलरशिपचा फॉर्म. कर्जत-खोपोली रस्त्यालगतच्या आमच्या गावातून एका कागदासाठी रिक्षाभाडं कोण घालणार? दोन पानं काढून दिली की दुआ मिळायची.

गेल्या पावसाळ्यापासून मात्र प्रिंटर रुसायला लागला. त्याचा दिवा चालू, वायफाय चालू, पण कॉम्प्युटर म्हणायचा ‘ऑफलाइन’. कॉम्प्युटरमधून काढून पुन्हा जोडला की चार दिवस चालायचा, मग परत तेच.

आमचा संशय नववीतल्या थोरल्यावर. वायफायवर गेम खेळतो, तोच काहीतरी सेटिंग बदलत असणार. “मी हात लावला नाही, अब्बा,” हे त्याचं उत्तर आम्ही कधी मनावर घेतलंच नाही.

एका संध्याकाळी मगरिबनंतर शेजारच्या खाला आल्या. बेवा बाई. संजय गांधी निराधार योजनेचे कागद घेऊन सकाळी खालापूरला तहसीलमध्ये जायचं होतं. प्रिंटर ऑफलाइन! आमच्यापैकी एक जण खालांसमोरच मुलावर ओरडला. दुसरी गप्प राहिली. गप्प राहणं हीसुद्धा साथच. मुलगा मान खाली घालून आत गेला.

इशानंतर तो वही घेऊन बाहेर आला. प्रिंटर बंद पडला त्या नऊ तारखा त्यात लिहिलेल्या होत्या. प्रत्येक तारखेपुढे एकच नोंद : लाईट गेली होती. आपल्या तालुक्यात खोपोलीला १९१५ पासून वीज तयार होते, तरी पावसात आमच्याकडे लाईट येते-जाते.

मग त्याने समजावलं. राऊटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. लाईट जाऊन आली की आमचा राऊटर जुनं वाटप विसरतो आणि नव्याने नंबर वाटतो. घरात फोन वाढलेत; जो आधी जोडला जाईल तो प्रिंटरचा नंबर घेऊन बसतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत राहतो. प्रिंटरवरूनच त्याने माहितीचं पान छापलं. नंबरात शेवटी ९ होते, कॉम्प्युटरच्या लक्षात ५. आणि तो ५ नंबर सध्या कुणाकडे? ओरडणाऱ्याच्याच फोनकडे!

इलाज वीस मिनिटांचा निघाला. राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्वेशन’ असतं. तिथे प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याची कायमची ओळख, टाकून एक नंबर त्याच्यासाठी राखून ठेवला. प्रिंटर बंद करून चालू केला आणि कॉम्प्युटरमध्ये त्याच नंबरावर नव्याने जोडला. ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर चुकून टिक पडलेली नाही, हेही पाहिलं. तुमच्याकडे असं होत असेल तर आणखी एक गोष्ट तपासा : बरेचसे घरगुती प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, ५ च्या नाही.

साडेदहाला खालांचे कागद निघाले.

त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे. मुलांना ती आम्हीच शिकवली होती. दुसऱ्याच्या बाबतीत ती आठवते, स्वतःच्या मुलाच्या बाबतीत आम्ही विसरलो. त्याने नऊ तारखा लिहिल्या, कारण तोंडी सांगितलेलं आम्ही ऐकत नव्हतो.

फज्रनंतर खाला कागद न्यायला आल्या. आरोप त्यांच्यासमोर केला होता, तेव्हा माफीही त्यांच्यासमोरच मागितली, दोघांनीही. मुलगा लाजला. “राहू द्या, अब्बा,” म्हणाला आणि खालांना रिक्षापर्यंत सोडायला गेला.

अल्हम्दुलिल्लाह, त्यानंतर लाईट कितीदा तरी गेली. प्रिंटर आपल्या नंबरावर आहे. वही आम्ही जपून ठेवली आहे.